प्रथम पुरुष कोण?

साहित्याच्या अभ्यासामुळे माणूस माणसाच्या जवळ येतो, असं बावीस वर्षं शिकवल्यानंतरचं माझं ठाम मत आहे. सांगलीच्या केंद्रावर एका रविवारी शिराळ्याकडचा एक माणूस असाच माझ्या जवळ आला होता. त्याच्या हातात बायकोची वही होती आणि मागे चुलतभाऊ उभा होता. ती हकीकत पुढे सांगतो. आधी माझा धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण तो अनेकांना ठाऊक नसतो. काही वर्षं तो माझ्या सासुरवाडीलाही ठाऊक नव्हता.

आठवडाभर मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो. रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची संपर्क सत्रं घ्यायचो. पहिला रविवार सातारा, तिसरा सांगली. 'संपर्क सत्र' हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात ते म्हणजे एखाद्या शाळेचा उसना वर्ग, सहावीच्या मुलांच्या मापाची बाकं आणि त्यांत गुडघे तिरके करून बसलेली मोठी माणसं. कुणी शिरवळच्या कारखान्यातला, कुणी एसटीचा वाहक, कुणी पोलीस. निम्म्याहून अधिक बायका, लग्नात कॉलेज सुटलेल्या. पदवी सगळ्यांना हवी होती. कुणाला बढतीसाठी, कुणाला अंगणवाडीतल्या जागेसाठी, एकीला निव्वळ जावेला दाखवण्यासाठी. कथा कशी घडते हे जाणून घ्यायला कुणीही आलेलं नव्हतं. आणि मला नेमकं तेच शिकवायचं होतं.

माझ्याकडे भाग होता 'कथेचे घटक'. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, निवेदन, भाषा. यात अवघड आहेत ती फक्त नावं. उदाहरणार्थ, लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव उतरला आणि बापूंनी जावयाशी बोलणं सोडलं. या झाल्या दोन घटना. कांदा उतरला, आणि तो ठेवून द्यायचा सल्ला जावयाने दिलेला होता म्हणून बापूंनी बोलणं सोडलं, हे झालं कथानक. मधलं 'म्हणून' महत्त्वाचं. ते काढलं की उरते बातमी.

हे सांगितल्यावर शिरवळच्या कारखान्यातला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडं मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतंय. का? पट्टा तुटला. का? गरम झाला. का? तेल न्हवतं. का? तेल घालणारा सुट्टीवर. का? त्याची सासू आजारी. म्हंजे कथानक म्हंजे ब्रेकडाऊन रिपोर्टच की!"

मी विद्वानांच्या अनेक व्याख्या वाचल्या आहेत. यापेक्षा बरी एकही आठवत नाही. त्याने ती परीक्षेत लिहिली. परीक्षकाला ती पटली नाही.

पात्रचित्रणात मात्र माझी हार झाली ती एका हवालदारांपुढे. साताऱ्याच्या वर्गात ते होते, नोकरी बरीच झालेली. मी सर्वांना एक प्रेमकथा लिहून आणायला सांगितली. त्यांच्या नायिकेचा प्रवेश असा होता: "सदर युवती ही वय अंदाजे बावीस, रंग निमगोरा, बांधा सडपातळ, अंगात आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस, उजव्या कानामागे तीळ, अशा वर्णनाची असून ती नायकास बसस्थानकाच्या पूर्वेकडील बाजूस मिळून आली."

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, वर्णन अचूक आहे, पण ती कशी आहे ते कळत नाही."

"सर, आमी एवढ्यावर माणूस हुडकून काढतो," ते म्हणाले. "तुमाला वाचून बी सापडत न्हाई?"

कानामागचा तीळ लक्षात ठेवणारा माणूस प्रेमात असला पाहिजे, हे मला पुढे काही वर्षांनी सुचलं. तोवर ते निवृत्त झाले होते.

पण खरी अडचण असायची निवेदनाची. आपल्या भागात 'निवेदक' म्हणजे हातात माइक घेऊन, शाल-श्रीफळाच्या मधल्या वेळात शेरोशायरी करणारा माणूस. कथेला निवेदक असतो असं सांगितलं की निम्म्या वर्गाच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहायचा. मग मी समजावायचो की कथा लिहिणारा एक आणि ती सांगणारा दुसरा. लेखक घरी चहा पीत बसलेला असतो, निवेदक कथेच्या आत असतो. सांगणारा 'तो' किंवा 'ती' म्हणत असेल तर निवेदन तृतीयपुरुषी. 'मी' म्हणत असेल तर प्रथमपुरुषी. आणि कथेतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे, हे मी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करायचो. सगळे वहीत उतरवून घ्यायचे. खरं कुणालाच वाटायचं नाही.

सांगलीच्या वर्गात राजश्री म्हणून एक बाई होत्या. तिशीच्या आतबाहेर, शिराळ्याजवळच्या गावच्या, घरी ऊस आणि दोन म्हशी. नवरा सैन्यात नायक हुद्द्यावर, लांबच्या ठाण्यावर. सकाळच्या एसटीने यायच्या, दुसऱ्या बाकावर बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी कुणीतरी गाव विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "शिराळ्याकडची हाय, पण नागपंचमीच्या नागाचं काय इचारू नका. मला भ्या वाटतं."

तिसऱ्या वर्षाला स्वतःची एक कथा लिहून द्यावी लागायची. त्यांनी लिहिलेल्या कथेचं नाव 'रेंज'. सैनिकाची बायको. नवऱ्याचा रोज संध्याकाळी फोन येतो. तो रोज तेच विचारतो: आईनं गोळ्या घेतल्या का, पाण्याची पाळी कवा हाय, म्हस किती दूध देतीया. तू कशी आहेस, हे राहून जातं. मग एके दिवशी बोलता बोलता ती गोठ्यात जाते. गोठा पत्र्याचा, तिथे रेंज जाते. फोन तुटतो. दुसऱ्या दिवशीही ती गोठ्यात जाते. तिसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच जाऊन उभी राहते.

बावीस वर्षांत मला मिळालेल्या शेकडो कथांपैकी ही एकच मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवली. दोष मला दोनच दिसले. एक म्हणजे निवेदन 'ती'चं होतं, आणि मला वाटलं की इथे 'मी' हवी. दुसरा दोष शेवटाचा. गोठ्यानंतर त्यांनी आणखी पाच ओळी लिहिल्या होत्या. त्या मी लाल पेनाने खोडल्या आणि शेजारी लिहिलं: "भाबडा शेवट. गोठ्यातच संपवा. धक्का बसेल." आणि पहिल्या पानावर समासात, माझ्या सवयीप्रमाणे त्रोटक: "तृतीय पुरुष नको. प्रथम पुरुष घ्या. जवळीक वाढेल."

राजश्रीबाईंनी वही बघितली. म्हणाल्या, "सर, 'मी' केलं तर लोक म्हणतील ही मीच."

"लोकांचा विचार करणाऱ्याने लिहू नये," मी म्हणालो.

हे वाक्य उच्चारायला सोपं आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला तर फारच. त्यांनी बदल केले, कथा उत्तम झाली आणि केंद्राच्या वार्षिक अंकात पहिल्या पानावर आली.

अंकाच्या प्रकाशनाला एक नामवंत पाहुणे होते. त्यांनी अंक व्यासपीठावरच पहिल्यांदा पाहिला हे मला शेजारी बसल्यामुळे माहीत आहे. त्यांनी 'रेंज'ची पहिली चार वाक्यं वाचली, डोळे मिटले आणि माइकवरून गरजले, "ही कथा नव्हे! हे एका सैनिकपत्नीचं धगधगतं आत्मकथन आहे!" टाळ्या झाल्या. राजश्रीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं आणि कथेच्या पानाच्या फोटोसकट गावच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते सीमेवर पोचायला, माझ्या माहितीप्रमाणे, पाऊण तास लागला.

त्यानंतरच्या महिन्यातल्या सत्राला त्या आल्या नाहीत. त्यांच्या गावची एक मुलगी वर्गात होती. तिने सांगितलं की सासूबाईंनी वही काढून घेतली आहे, नवरा सुट्टी टाकून निघाला आहे, आणि राजश्रीला परीक्षेला पाठवायचं की नाही ते तो आल्यावर ठरणार आहे. परीक्षेला अडीच महिने होते. शेवटचं वर्ष. एकदा थांबली तर तिला पुन्हा कुणी एसटीत बसू देणार नाही, हे वर्गातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. त्या दिवशी कुणी शंका विचारली नाही.

पुढच्या सत्राला दारात तिघं उभे. पुढे विलास, म्हणजे राजश्रीबाईंचा नवरा. ताठ, बारीक केस, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच्या मागे दत्ताआबा, चुलतभाऊ, वयाने मोठे, गावातल्या तीन समित्यांवर, आवाज चौथ्या समितीला पुरेल एवढा. राजश्रीबाई त्या दोघांना ओलांडून आल्या आणि आपल्या दुसऱ्या बाकावर बसल्या.

आबांनी विलासच्या हातातली वही घेऊन माझ्यापुढे धरली. "सर, ह्ये अक्षर तुमचं?"

"माझंच."

"वाचा की मोठ्यानं. समद्यांना कळू द्या."

मी वाचलं. "तृतीय पुरुष नको. प्रथम पुरुष घ्या. जवळीक वाढेल."

वर्गात कुणीतरी उगाच खोकलं. स्वतःचं अक्षर मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

"आता सांगा," आबा म्हणाले, "ह्यातला पयला पुरुष कोण आन् तिसरा कोण? आन् मधल्या दुसऱ्याचं काय केलंसा?"

"आबा, हे व्याकरण आहे. प्रथम पुरुष म्हणजे मी—"

"तुमी व्हय!" आबा गर्रकन वळले. "ऐकलंस का रं विलास? कबूल झाला माणूस!"

"तसं नव्हे. मी म्हणजे 'मी' हा शब्द. तुम्ही म्हणजे द्वितीय पुरुष—"

"मला कशाला वढताय ह्यात? मी हिच्या सासऱ्याच्या जागी हाय!"

मागच्या बाकावरून एसटीचे वाहक म्हणाले, "आबा, तिकीट एकाचंच हाय, तुमी उगा तिघं बसवताय." वर्ग हसला. राजश्रीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"आबा, गप ऱ्हावा," विलास पहिल्यांदा बोलला. "शाळेत हुतं ह्ये. मी, तू, तो. मला बी म्हाईत हाय. तुमी सातवीत शाळा सोडली त्याला सर काय करतील? बाहेर जाऊन च्या घ्या."

आबा गेले. जाताना म्हणाले, "शाळेत असलं शिकवत्यात म्हणूनच सोडली."

विलास माझ्यासमोरच्या बाकावर बसला. सहावीच्या बाकात सैनिक मावत नाही. त्याने पाय बाहेर काढले आणि वही उघडून ठेवली.

"सर, माझा सवाल एकच हाय. ह्यातली 'मी' राजश्री हाय का न्हाई?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. लेखक वेगळा, निवेदक वेगळा. कथेतला 'मी' हा कथेपुरता. ते सगळं मी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. मग गोठा कुणाचा?"

"ती वातावरणनिर्मिती."

"पत्र्याचा, दाराशी फुटकी कुंडी. आमचाच हाय. म्हशीचं नाव चंद्री. ती बी आमचीच."

"तो तपशील. तपशिलाने कथा खरी वाटते."

"आईच्या गोळ्या, पाण्याची पाळी. ह्ये मीच इचारतो रोज. ह्यो नवरा बी मीच हाय." तो बोटं मोजू लागला. "गोठा आमचा, म्हस आमची, आई आमची, नवरा मी. समदं आमचं, आन् 'मी' तेवढी परकी व्हय, सर?"

इतकी वर्षं मी फळ्यावर जे अधोरेखित करत होतो त्याला इतका नेमका आक्षेप कुणी घेतला नव्हता. विद्यापीठातही नाही. मला सुचलं ते एवढंच: "ती 'मी' मी केलेली आहे. त्यांनी 'ती' लिहिलं होतं. मी बदलायला लावलं. त्या नको म्हणत होत्या."

"एक शब्द बदलून काय हुतंय?"

"आणि शेवट. शेवटही मी कापला."

"कुठला शेवट?"

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. वही महिनाभर त्या घरात होती. सासूबाईंनी, आबांनी, भावकीतल्या निदान चौघांनी ती चाळली होती. पण लाल रेघांनी खोडलेलं कुणी वाचत नाही. लाल रेघ म्हणजे चूक, हे शाळेने आपल्याला शिकवलेलं असतं. विलासने वही डोळ्यांजवळ नेली आणि रेघांखालची अक्षरं लावून लावून वाचू लागला. हळू, पण ऐकू येईल असं.

"'मग ती माडीवर गेली. तिथं पुरी रेंज होती. ती फोन हातात धरून उभी राहिली. परत लावंल असं तिला वाटलं. जेवणं झाली तरी फोन आला नाही.'"

त्याने ते दुसऱ्यांदा मनात वाचलं. ओठ हलत होते. शेजारी मी लिहिलेलं 'भाबडा शेवट' त्यालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. ते पान मिटावं असं मला फार वाटलं. पण मी ते मिटलं नाही.

त्याने मान वळवली नाही. वहीकडे बघतच विचारलं, "माडीवर थांबायचीस?"



"आवं, ती थांबायची," राजश्रीबाई म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. तिला वाटायचं, तुटलाय तर लावंल की माणूस परत."

विलासने वहीच्या पानावरून अंगठा फिरवला. "त्याला काय म्हाईत," तो म्हणाला. "त्याला वाटायचं, रेंज न्हाई तर कशाला लावायचा. ड्युटीची येळ व्हायची. त्यो जायचा."

"एकदा लावून बघायचा त्यानं."

"व्हय," तो म्हणाला. "बघायला पायजे हुतं त्यानं."

तृतीयपुरुषी निवेदनात जवळीक साधत नाही, असं मी दरवर्षी शिकवत आलो होतो. टिपणातही तसं दिलं होतं. त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला.

थोड्या वेळाने विलास उठला. मला म्हणाला, "सर, गोष्ट चांगली हाय. पर शेवट तिचाच बरा हुता."

"होय," मी म्हणालो.

"मग खोडला कशापायी?"

"धक्का बसावा म्हणून."

"बसला," तो म्हणाला, आणि वही त्याने माझ्याकडे न देता दुसऱ्या बाकावर नेऊन ठेवली. परीक्षेचं कुणी काही बोललं नाही. जाताना दारातून त्याने एवढंच विचारलं, "कितीला सुटतो वर्ग? एसटीचं बघाया पायजे." त्यावर मागच्या बाकावरून वाहकांनी शिराळ्याच्या दुपारच्या सगळ्या गाड्या वेळेसह सांगितल्या. बाहेर आबा दुसरा चहा घेत होते. विलासने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या सत्राला आबा स्वतः राजश्रीबाईंना सोडायला आले, आणि फाटकातून मला "काय पयले पुरुष, बरं हाय का?" असं विचारून गेले. मी निवृत्त होईपर्यंत सांगलीच्या केंद्रावर हेच नाव चाललं. शिपायानेही तेच धरलं होतं.

त्या वर्षीपासून मी विद्यार्थ्यांच्या कथांचे शेवट खोडायचं बंद केलं. समासात पूर्ण वाक्यं लिहू लागलो. 'निवेदन प्रथमपुरुषी केल्यास कसे वाटेल, विचार करावा' असं. जागा जास्त लागते, पण कुणी चुलतभाऊ येत नाही. लेखक वेगळा आणि निवेदक वेगळा हे मात्र शिकवत राहिलो, कारण ते खरंच आहे. फक्त अधोरेखित करणं सोडलं. राजश्रीबाईंना ती कथा त्यांच्या शेवटासह पुन्हा छापू या, असं मी दोनदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. ज्यानं वाचायची त्यानं वाचली." बावीस वर्षांत मी केलेल्या संपादनातली एवढीच एक चूक दुरुस्त झाली, आणि तीही माझ्या हातून नव्हे.

राजश्रीबाई परीक्षेला बसल्या आणि दुसऱ्या वर्गात पास झाल्या. आता गावच्याच अंगणवाडीत आहेत. पुढच्या सुट्टीत विलासने पुण्याहून यंत्र आणून गोठ्यात वायफाय बसवलं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी जरा भावुक होऊन म्हणालो की चला, आता तिथूनही बोलणं होत असेल.

"कुठलं हो, सर," त्या म्हणाल्या. "तिथं सासूबाई धार काढताना मालिका बघत्यात."